उंबरठ्याबाहेरचा इलाज

(‘वैद्यकीय व्यवसाय आणि आपले रोजचे जीवन’ या विषयावर भंडारा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



भंडारा जिल्ह्याचे नाव काढले की धान, तलाव आणि पितळेची भांडी या तीन गोष्टी प्रथम ओठांवर येतात. वैनगंगा, चुलबंद, बावनथडी आणि सूर या नद्यांच्या आधाराने वसलेल्या सात तालुक्यांचा हा मुलूख. येथील शेतकऱ्याचे वर्ष धानाच्या पिकाबरोबर फिरते, हे सर्वांना ठाऊक आहे. येथील डॉक्टरचे वर्षही त्याच पिकाबरोबर फिरते, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

आषाढात रोवणी सुरू झाली की बायामाणसे दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून उभी असतात. संध्याकाळी दवाखान्याच्या ओट्यावर चिखल्यांनी सोललेली बोटे, धरलेली कंबर आणि अंगात मुरलेला ताप येऊन बसतो. धान कापणीला आले की बांधावरचे सर्पदंश येतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्रभर दंडार आणि नाटके रंगतात. त्या जागरणानंतरच्या थंडीत सिकलसेलची मुले सांधे धरून रडू लागतात. वैशाखात तेंदूपाने आणि मोहफुले वेचणारी माणसे उन्हाने कोसळतात. टेबलावर पंचांग नसले तरी समोर येणाऱ्या रुग्णांवरून कोणता महिना चालू आहे ते धानपट्ट्यातला अनुभवी डॉक्टर सांगू शकेल.

यातून जो विचार निघतो तो साधा आहे, पण त्याचा परिणाम मोठा आहे. रोग दवाखान्यात दिसतो; जन्मतो मात्र घरात, शेतात, ताटात आणि कधीकधी लग्नाच्या बैठकीत. औषधाची बाटली डॉक्टरच्या हाती असते, परंतु रोगाच्या जन्मस्थानाची किल्ली घरच्या माणसांच्या हाती असते. म्हणून उत्तम डॉक्टरचा पहिला प्रश्न ‘काय दुखते?’ हा असला, तरी दुसरा प्रश्न ‘घरी कसे आहे?’ हा असावा लागतो. आणि त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे देणे हे आपल्या सर्वांचे काम आहे.

रात्री जमिनीवर कोण निजले होते?

पावसाळ्यातल्या पहाटेचा एक प्रसंग या भागातील बहुतेक डॉक्टरांच्या आठवणीत असतो. तरुण मुलाला खाटेवर घालून आणले जाते. जखम नाही, रक्त नाही, सूज नाही. “पोट दुखून रायलं जी, अन् डोळे उघडत नाही,” एवढेच नातेवाईक सांगतात. रात्रीचे जेवण बाधले असावे, असे घरच्यांनी गृहीत धरलेले असते. अशा वेळी डॉक्टर जर विचारील की, मुलगा रात्री कुठे निजला होता, आणि उत्तर ‘जमिनीवर’ असे आले, तर त्याच्या मनात तत्काळ मण्यार उभी राहते.

नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. यांत मण्यारीची रीत सर्वांत फसवी. ती रात्री हिंडते, निजलेल्या माणसाला दंश करते आणि तो दंश पुष्कळदा इतका सूक्ष्म असतो की झोपसुद्धा मोडत नाही. विष मज्जातंतूंवर काम करते. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते आणि अखेरीस श्वास थांबतो. प्रतिविष वेळेत मिळाले आणि गरज पडेल तेव्हा कृत्रिम श्वास देता आला, तर हाच मुलगा काही दिवसांत चालत घरी जातो. मांत्रिकाच्या दारात किंवा दंशाची जागा कापण्यात नि करकचून बांधण्यात दोन तास गेले, तर तो जाण्याची शक्यता त्या प्रमाणात आटते.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. त्यांतील बहुसंख्य खेड्यातली आणि घरातली कमावती किंवा कमावू लागलेली माणसे. केंद्र सरकारने २०२४ साली सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठेवले. आराखडा दिल्लीत होतो. पण खाट अंगणात की जमिनीवर अंथरूण, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली की नुसती टांगलेली, रात्री बाहेर जाताना हातात बॅटरी आहे की नाही, या गोष्टी घरातच ठरतात. मच्छरदाणी डासांपासून वाचवते हे सर्व जाणतात. नीट खोचलेली मच्छरदाणी मण्यारीपासूनही वाचवते, हे धानपट्ट्यातील प्रत्येक आईला ठाऊक असले पाहिजे.

तापाचेही असेच आहे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात स्क्रब टायफसच्या तापाने अनेक बळी घेतले. गवताझुडपांत राहणाऱ्या अतिसूक्ष्म किड्याच्या चाव्यातून तो होतो. चावलेल्या जागी पुष्कळदा काळी खपली धरते, विडीच्या चटक्यासारखी. पण ती काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली अशा ठिकाणी असते, जेथे रुग्णाचे स्वतःचे लक्ष जात नाही आणि घाईतल्या डॉक्टरचेही जात नाही. ती खपली दिसली तर निदान जवळजवळ हाती आले. त्यावरचे डॉक्सिसायक्लिन हे औषध जुने आहे आणि स्वस्त आहे. महाग काय आहे, तर रुग्णाला नीट तपासण्यासाठी दिलेली पाच मिनिटे.

याच नागपुरात १९६५ साली ज्याचा शोध लागला, तो चांदीपुरा विषाणू मुलांच्या मेंदूला सूज आणतो आणि एक-दोन दिवसांत मूल हिरावून नेऊ शकतो. त्याचा प्रसार करणारी वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलाव्यात वाढते. त्यावर खास असे औषध नाही. तेव्हा पावसाळ्यापूर्वी भिंत लिंपणाऱ्या, गोठा कोरडा राखणाऱ्या गृहिणीचा हात हाच तेथे मोठा आधार आहे.

एकाच महाविद्यालयातून निघालेल्या वाटा

भंडाऱ्यापासून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटरवर. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले. जिल्ह्यातले कठीण रुग्ण आजही तिकडेच पाठवले जातात. त्या महाविद्यालयाने हजारो डॉक्टर घडविले. त्यांपैकी काहींच्या वाटा पाहिल्या, तर ‘घरी कसे आहे?’ या प्रश्नाचे सामर्थ्य कळते.

जालना जिल्ह्यातील देहेड या लहानशा गावातून गरिबीशी झगडत आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर येथूनच एमबीबीएस झाले आणि १९७६ साली रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे मरत होती. विंचू चावला तर वेदना होतात, मरण येत नाही, असे पुस्तकी ज्ञान सांगत होते. बावस्करांनी पुस्तकापेक्षा समोरच्या माणसावर विश्वास ठेवला. ते रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसले. घाम, थंड पडणारे हातपाय, नाडीचे ठोके, रक्तदाब, सारे टिपत राहिले. हृदयावर येणारा ताण आणि फुप्फुसांत भरणारे पाणी हे मृत्यूचे कारण आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांची निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आली. पुढे रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले आणि १९८६ साली तेही जगापुढे मांडले. जेथे गंभीर रुग्णांतले पुष्कळ दगावत, तेथे मृत्यूचे प्रमाण शेकड्यात एकाच्या आसपास उतरले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे संशोधन कोणत्या प्रयोगशाळेत झाले? आरोग्य केंद्रातल्या खाटेशेजारच्या स्टुलावर.

डॉ. रवींद्र कोल्हे हेही नागपूरचेच विद्यार्थी. ते मेळघाटातील बैरागडला गेले. पहिल्या तपासणीचे दोन रुपये आणि दुसऱ्या वेळी एक रुपया, ही त्यांची फी. त्यांच्याबरोबर डॉ. स्मिता कोल्हे यांनी तो कठीण संसार स्वीकारला. रुग्ण बरे होऊ लागले तसे लोक पुढचे विचारू लागले. बैल आजारी आहे, काय करावे? पिकावर कीड आहे, काय करावे? मुलाच्या कुपोषणाचे मूळ शेताच्या उत्पन्नात आहे, हे पाहिल्यावर डॉक्टरांनी शेतीचा अभ्यास केला आणि स्वतः शेती करून दाखवली. औषधाचा कागद लिहिणारा हात नांगराकडे वळला, कारण रोगाची वाट तिकडूनच येत होती. या दांपत्याला २०१९ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले.

न बोलली जाणारी दुखणी

डॉक्टरने विचारावे हे खरे. पण समोरच्याने सांगितलेच नाही तर? लाज हा आपल्या समाजातील एक जुनाट रोग आहे आणि त्याला वय नाही, शिक्षण नाही.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. पूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात जेमतेम आठ. हा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांनी डोळे विस्फारले. गडचिरोलीच्या बाया मात्र चकित झाल्या नसतील. त्या आपले दुखणे अंगावर काढून रोवणीला जातच होत्या. आपल्या घरातली आई, वहिनी, सून अंगावर काय काढत आहे, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

सिकलसेलची कथा याहून गुंतागुंतीची. विदर्भात हा रक्ताचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना उठतात. थंडी, ताप, अतिश्रम, अंगातले पाणी कमी होणे, यांतले कोणतेही निमित्त पुरते. हा आजार स्पर्शाने होत नाही आणि कोणा एका जातीचा नाही. तो आई-वडिलांकडून येतो. एकाकडूनच दोष आला तर मूल ‘वाहक’ होते आणि बहुधा धडधाकट आयुष्य जगते. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक.

म्हणजे हा रोग टाळण्याची जागा दवाखाना नाही. लग्न ठरवण्याची बैठक आहे. तेथे काय घडते? मुलीचा तपासणीचा कागद पेटीच्या तळाशी जातो. मुलाची तपासणी करण्याचा प्रश्नच निघत नाही. पुढे दोन वर्षांचे लेकरू हातपाय सुजून रडू लागले की दोष सुनेच्या माथी येतो. वास्तविक रुग्ण मुलाला दोष दोघांकडूनही आलेला असतो. पत्रिकेत नाडी पाहणाऱ्या घरांनी रक्ताचा एक साधा कागदही पाहावा, आणि तो वर-वधू दोघांचा पाहावा, एवढी अपेक्षा गैर नाही. वाहक असणे हा कलंक नाही. दोन वाहकांनी न जाणता संसार मांडणे, हे दुर्दैव मात्र टाळता येते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट. तपासणीची सोय सरकार करील. कागद पेटीबाहेर काढण्याचे धैर्य कुटुंबालाच दाखवावे लागेल.

हत्तीरोग हा या जिल्ह्याचा आणखी एक जुना सोबती. डासाच्या चाव्यातून शिरलेले जंतू वर्षानुवर्षे शरीरात राहतात. ते रात्री रक्तात उतरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्रीच रक्ताचे नमुने घेत दारोदार फिरतात. पाय सुजल्यावर तो पूर्ववत होणे कठीण. परंतु रोज साबणाने धुऊन कोरडा ठेवलेला पाय वारंवार येणाऱ्या तापाच्या झटक्यांपासून पुष्कळ वाचतो. सूज येण्यापूर्वी करण्याजोगी गोष्ट एकच, ती म्हणजे गोळ्यांच्या मोहिमेत सर्व घराने गोळ्या घेणे. गोळ्या समोरच गिळा, असा कर्मचाऱ्याचा आग्रह असतो आणि त्याचा आपल्याला राग येतो. सुशिक्षित वस्तीत तर ‘आमच्याकडे तसले काही नाही’ असे सांगून दार लावले जाते. डास मात्र वस्ती पाहून चावत नाही. जंतू असलेला एक माणूस गोळी न घेता राहिला, तर साऱ्या आळीची साखळी तुटत नाही.

ताटातून येणारा आजार

आपल्या धानाच्या बांधीत कापणीपूर्वीच लाखोळी पेरण्याची रीत जुनी आहे. ओलीवर उगवते, फार निगा मागत नाही, गरिबाच्या ताटात डाळ घालते. पण तिच्यात मज्जातंतूंना अपाय करणारा अंश असतो. दुष्काळात महिनोन्महिने दुसरे काही न मिळता लाखोळीच खावी लागली की पायांतली शक्ती जाते आणि माणूस कायमचा पांगळा होतो. मध्य भारतात अशी पांगळी झालेली गावे इंग्रजी अमदानीतील अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवली आहेत. १९६१ साली या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. पुढे कृषिशास्त्रज्ञांनी रतन, प्रतीक यांसारखे कमी विषांशाचे वाण काढले, आणि मिश्र आहारात थोडी लाखोळी खाल्ली तर धोका कितपत, यावर तज्ज्ञांमध्ये दीर्घ वाद झाला.

या वादातून डॉक्टरच्या हाती एक सूत्र लागते. डाळ भिजवून, उकळून ते पाणी टाकून दिले तर विषांश बराच कमी होतो, हे शहाणपण स्वयंपाकघराचे आहे. आणि विषापेक्षा दारिद्र्य घातक होते, हे शहाणपण समाजाचे आहे. ज्याच्या ताटात भात, भाजी, ताक आणि चार प्रकारच्या डाळी आहेत, त्याला लाखोळीने पांगळे केले नाही. ज्याच्या ताटात दुसरे काही नव्हते, त्यालाच तिने पांगळे केले.

९ जानेवारीची रात्र

भंडाऱ्यात आरोग्याविषयी बोलताना एक तारीख वगळून पुढे जाता येत नाही. ९ जानेवारी २०२१. मध्यरात्र उलटून गेली होती. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात आग लागली. आत १७ बालके होती. सात वाचली. दहा गेली. कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची, जगण्यासाठी उबेच्या पेटीत ठेवलेली ती बाळे होती. त्यांतील कित्येकांच्या आया पहाटे भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना सांगायचे कसे, हे कोणालाच कळत नव्हते.

चौकशा झाल्या, कारवाई झाली, राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता कक्षाला आग लागून ११ रुग्ण दगावले. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री उत्तर प्रदेशात झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नवजात बालकांच्याच कक्षात आग लागली आणि पुन्हा निष्पाप जीव गेले. आदेश निघणे आणि भिंतीतली तार, अग्निशामक नळकांडे, बाहेर पडण्याचे दार प्रत्यक्ष तपासले जाणे, यांतील अंतर किती प्राणघातक असते, ते या तीन तारखांवरून दिसते. रुग्णालय हेही एक घर आहे. घरातली बाई निजण्यापूर्वी चूल विझली का, कडी लागली का, हे रोज पाहते. त्या नित्याच्या दक्षतेला रुग्णालयात पर्याय नाही. मूल्यवान यंत्र आणणे हा सोहळा असतो, त्याची देखभाल हा नित्यनेम असतो. आपला समाज सोहळ्यांत रमतो आणि नित्यनेमात कमी पडतो.

या दुःखाच्या शेजारीच एक आशेची नोंद आहे. भंडाऱ्याला लागून असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांसाठी वेगळा मार्ग शोधला. तेही नागपूरच्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. रुग्णालय दूर, रस्ता नाही, पैसा नाही, अशा गावांत त्यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकविले. बाळाला कोरडे करून गुंडाळावे कसे, पहिले दूध लगेच का पाजावे, मिनिटाला श्वास किती ते कसे मोजावे, जंतुसंसर्ग कसा ओळखावा आणि औषध कसे द्यावे. त्यांना नाव मिळाले ‘आरोग्यदूत’. ३९ गावांत हे काम झाले. हजार जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत होती. तो आकडा तिसऱ्या वर्षी पंचवीसच्या आसपास आला. हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि पुढे आशा कार्यकर्तीच्या घरभेटींच्या रूपाने ती पद्धत देशभर गेली. जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता कक्ष हवाच; पण त्या कक्षापर्यंत जाण्याची वेळच अनेक बाळांवर येऊ नये, यासाठी आईच्या पोषणापासून बाळंतिणीच्या खोलीपर्यंतची काळजी घरात घ्यावी लागते. बाळंतिणीला अर्धपोटी ठेवण्याची आणि पहिले चीक दूध टाकून देण्याची रीत काही घरांत अजून आहे. ती ज्या दिवशी जाईल, तो त्या दहा बाळांना वाहिलेला खरा आदर असेल.

डॉक्टरचेही एक घर असते

आतापर्यंत रुग्णाच्या घराविषयी बोलणे झाले. डॉक्टरच्या घराकडेही थोडे पाहिले पाहिजे. पूर्वी गावच्या डॉक्टरला घराघरातला इतिहास पाठ असे. आजोबांचा दमा, वडिलांचा रक्तदाब, मुलीचे बाळंतपण, सारे त्याच्या समोर घडलेले असे. फी कधी रोख, कधी धानाच्या रूपाने, कधी राहूनच जाई. तो काळ सर्वार्थाने चांगला होता असे नव्हे. त्या काळी पुष्कळ माणसे निदानाशिवाय मरत. परंतु विश्वास नावाचे एक औषध तेव्हा फुकट मिळत असे.

आज तपासण्या वाढल्या, यंत्रे वाढली, आणि त्याबरोबर संशयही वाढला. त्याला वैद्यकीय व्यवसायातील काही मंडळी जबाबदार आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. रुग्ण पाठवल्याबद्दल तपासणी केंद्राकडून मिळणारी दलाली ही त्यांतील ठसठशीत कीड. २०१३ साली डॉ. बावस्कर यांना अशाच एका केंद्राकडून १२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार नोंदविली. बाराशे रुपये ही रक्कम मोठी नव्हती; त्यांनी उभा केलेला प्रश्न मोठा होता. रुग्णाच्या खिशातून न कळत काढलेला पैसा डॉक्टरच्या ताटात आला, तर त्या अन्नाला कोणती चव राहील?

दुसरीकडे समाजाचा तोलही ढळला आहे. रुग्ण दगावला की दवाखान्याच्या काचा फोडायच्या, डॉक्टरवर हात टाकायचा, या प्रकारांमुळे महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला. मारहाणीच्या धास्तीने डॉक्टर गंभीर रुग्ण हाती घेण्याऐवजी पुढे पाठवू लागतो. मण्यारीच्या दंशाचा रुग्ण तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून नागपूरला जातो, आणि श्वास वाटेतच थांबतो. म्हणजे ज्या हाताने काच फोडली, त्याच हाताने पुढच्या रुग्णाची वाट लांबवलेली असते. डॉक्टरने रुग्णाशी प्रामाणिक राहावे आणि समाजाने डॉक्टरच्या प्रयत्नावर विश्वास ठेवावा, हा करार कुठल्याही कागदावर नाही. तरी तो मोडला तर दोघांचेही नुकसान अटळ आहे.

शेवटी एवढेच

आज या सभागृहात डॉक्टर थोडे आहेत आणि कुटुंबे पुष्कळ आहेत. ते योग्यच आहे. घरी गेल्यावर मच्छरदाणी नीट खोचली आहे का ते पाहावे. घरात लग्नाचे मूल असेल, तर त्याची सिकलसेलची तपासणी झाली आहे का ते विचारावे. हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन येणाऱ्या कार्यकर्तीला बसायला सांगावे, पाणी द्यावे आणि तिच्यासमोर गोळी गिळावी. आईला, पत्नीला एकदा निवांतपणे विचारावे की, अंगावर काही काढत नाही ना? आणि ज्यांचा रुग्णालयाच्या कारभाराशी संबंध येतो, त्यांनी एखाद्या रात्री, पूर्वसूचना न देता, लहान मुलांच्या कक्षात जाऊन बाहेर पडण्याचे दार उघडते का ते स्वतः ढकलून पाहावे.

यांतील एकाही गोष्टीला डॉक्टरची पदवी लागत नाही, आणि ही कामे घराघरांत झाली तर डॉक्टरचे निम्मे काम हलके होते. उद्या पहाटे कुठल्यातरी दवाखान्याच्या ओट्यावर एक खाट येऊन टेकेल. ती वेळेत आली का, आणि आणणाऱ्यांनी लपवाछपवी न करता सारे सांगितले का, यावर एक आयुष्य अवलंबून असेल.